पिवळं, पांढरं की हिरवं? फिल्टरमध्ये कार्बन टाकण्याआधी पाण्याचा रंग बघा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आमच्याच सोसायटीतला सातवीतला मुलगा, हातात बिसलेरीची एक लिटरची बाटली आणि त्यात पाणी. "काकू, हे माझ्या माशांच्या टँकचं पाणी आहे, गढूळ झालंय, दुकानातले दादा म्हणाले कार्बन टाक, टाकू का?" खिशात साठवलेले दोनशे रुपये पण होते त्याच्या, मी हो म्हटलं असतं तर तसाच खाली उतरून दुकानात गेला असता.

मी त्याला आत घेतलं, टेबलावर पांढरा कागद भिंतीला टेकवून उभा केला, काचेच्या उंच ग्लासात ते पाणी ओतलं आणि ग्लास कागदासमोर ठेवला. म्हटलं आता मला सांग, रंग कुठला दिसतोय. त्यानं बराच वेळ बघितलं, मग वाकून वरून पण बघितलं आणि म्हणाला, "रंग नाहीये काकू, धुरकट आहे, दुधाचं पातेलं विसळल्यावर पाणी होतं ना तसं."

इतकं नेमकं वर्णन मी मोठ्या माणसांकडून पण ऐकलेलं नाही. टँक लावून किती दिवस झाले? बारा. मासे? आठ गप्पी आणि दोन मॉली. खायला किती वेळा? "मी तीनदा टाकतो, आजी पण टाकते दुपारी."

म्हटलं कार्बन नको घेऊस, पैसे ठेव जपून. त्याचा चेहरा पडला, म्हणून मग अर्धा तास बसून त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि तेच आज इथे लिहितेय कारण हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच.

आपण काय करतो, पाणी नितळ दिसत नाही म्हटलं की सरसकट "गढूळ" म्हणतो, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. टँकचं पाणी चार वेगवेगळ्या कारणांनी खराब दिसतं आणि चारही वेळा इलाज वेगळा असतो. खरंखुरं गढूळ म्हणजे मातीचं, म्हणजे वाळू नीट न धुता टाकली किंवा माशांनी तळ उकरला, तर त्यात बारीक कण तरंगत असतात, ते पांढऱ्या फिल्टर कापसात अडकतात, एक-दोन दिवसांत कापूस बदलला की विषय संपला. धुरकट पांढरं म्हणजे बॅक्टेरिया, नव्या टँकमध्ये खाणं जास्त पडलं की पाण्यात विरघळलेलं अन्न खाऊन हे बॅक्टेरिया भराभर वाढतात, ते इतके बारीक असतात की कापसातून आरपार जातात आणि कार्बनला ते पकडताच येत नाहीत. हिरवट म्हणजे पाण्यात तरंगणारं शेवाळ, त्याला प्रकाश कमी करणं किंवा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, कार्बन नाही. आणि चौथं पिवळट, कोऱ्या चहाकडे झुकणारं. हे एकटं असं आहे की ज्यात तरंगणारं काही नसतं, पाणी आरपार दिसतं पण रंगलेलं असतं, कारण रंग पाण्यात विरघळलेला असतो. लाकडातून सुटलेलं टॅनिन, कुजलेली पानं, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून आलेली सेंद्रिय घाण. केमिकल मीडिया म्हणजे कार्बन, प्युरिजेन वगैरे जे काही आहे ते या चौथ्यासाठी आहे. बाकीच्या तिघांवर ते टाकणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून डोक्याला बाम लावणं.

हे सगळं मला आता सुचतंय, पण २०१९ मध्ये मला यातलं काहीही माहीत नव्हतं. आम्ही तेव्हा नुकते या फ्लॅटमध्ये आलो होतो, हॉलमध्ये तीन फुटी टँक लावला, साधारण दीडशे लिटर, त्यात एक मोठं सुंदर ड्रिफ्टवुड म्हणजे शोभेचं लाकूड, चार एंजल आणि वीस कार्डिनल टेट्रा. दोन महिन्यांत पाणी पिवळं झालं. मी एका दुकानातून अर्धा किलो "कार्बन" आणला, मोठे मोठे चकचकीत खडे, पिशवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तीन आठवडे फिल्टरमध्ये ठेवला, पाण्यात तसूभर फरक नाही. मग मला वाटलं फिल्टरच घाण झाला असेल. एका शनिवारी मी कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, उघडला, सगळ्या सिरॅमिक रिंग, सगळे स्पंज बाहेर काढले आणि नळाखाली धरून अगदी पांढरे शुभ्र होईपर्यंत चोळून चोळून धुतले. खूप समाधान वाटलं होतं मला ते करताना, अजून आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते. अमोनिया म्हणजे माशांच्या अंगातून आणि घाणीतून पाण्यात येणारं विष, त्याची टेस्ट केली तर नळी गर्द हिरवी झाली, म्हणजे अमोनिया खूप वाढलेला. नळाच्या क्लोरीननं रिंगांमधले चांगले बॅक्टेरिया मेले होते, जे माशांचा अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मी रोज अर्धं पाणी बदलत राहिले तरी सात टेट्रा आणि एक एंजल गेले. त्या एंजलला माझी लेक चांदणी म्हणायची. त्या आठवड्यात मला एकच प्रश्न पडला होता की फिल्टरमध्ये इतका कार्बन असून अमोनिया का गेला नाही. उत्तर सोपं आहे, कार्बन अमोनिया धरतच नाही. नायट्राइट नाही, नायट्रेट नाही. हे जर मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

मग मी झपाटल्यासारखं वाचलं, आणि कार्बन नक्की काय करतो ते समजल्यावर मला तो खूप आवडायला लागला, खरं सांगते.

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे नुसता कोळसा नव्हे. नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा आधी हवा न लागू देता भाजतात, मग साधारण ८०० ते १००० अंशांवर त्यावर वाफ सोडतात, आणि त्या वाफेनं कोळशाच्या आत असंख्य सूक्ष्म भोकं पडतात. ती भोकं इतकी की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर साधारण १००० चौरस मीटर भरतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ १० गुंठे जमीन. एका ग्रॅममध्ये! पाण्यात विरघळलेला रंग, वास, औषध, क्लोरीन त्या भिंतींना जाऊन चिकटतं. शाळेत शिकलेलं शोषण आणि अधिशोषण आठवतंय का? स्पंज पाणी शोषतो ते शोषण, कार्बनच्या भिंतीला रंग चिकटतो ते अधिशोषण. आणि भिंत म्हटलं की ती कधी ना कधी भरणारच. जागा भरल्या की काम थांबलं, मग तो फिल्टरमध्ये पडलेला दगड. माझ्या टँकमध्ये हे साधारण तीन ते चार आठवड्यांत होतं.

आता त्या पिशवीवर नाव नसलेल्या खड्यांबद्दल. तो बहुतेक साधा कोळसाच होता, आणि हे घरी तपासता येतं. दुकानात मिथिलीन ब्लू मिळतं, माशांच्या बुरशीवरचं निळं औषध. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात एक थेंब टाका, पाणी फिकट आकाशी होईल इतकाच. मग त्यात दोन चमचे धुतलेला कार्बन टाकून अधूनमधून ढवळत राहा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले होते, एकात ते चकचकीत खडे आणि दुसऱ्यात करवंटीचा दाणेदार कार्बन. रात्री जेवणं होईपर्यंत करवंटीवाला ग्लास जवळजवळ पाण्यासारखा झाला होता आणि खड्यांचा ग्लास होता तसाच निळा. लेक म्हणाली, "आई, जादू." मी ते खडे त्याच रात्री टाकून दिले. (हा प्रयोग ग्लासातच करायचा, टँकमध्ये नाही, नाहीतर काचेच्या कडांचं सिलिकॉन कायमचं निळं होऊन बसतं.)

मग कुठला कार्बन घ्यायचा? करवंटीच्या कार्बनची भोकं जास्त बारीक असतात, म्हणून क्लोरीन, वास, छोटे रेणू यांना तो उत्तम. टॅनिनसारखे मोठे रेणू पकडायला दगडी कोळशापासून बनवलेला, जरा मोठ्या भोकांचा कार्बन जास्त चांगला चालतो. पण आपल्याकडे चांगल्या प्रतीचा करवंटीचा कार्बन सहज मिळतो, आणि घरच्या टँकला तो पुरतो, त्यामुळे मी फार चिकित्सा करत नाही. पाकिटावर आयोडीन नंबर लिहिला असेल तर तो बघा, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा, ९०० च्या वर असेल तर बिनधास्त घ्या. दाणा साधारण तुरीच्या डाळीएवढा, फार भुकटी नको आणि फार मोठे खडे तर नकोतच, कारण खडा मोठा असला की आतल्या भोकांपर्यंत पाणी पोचायला फार वेळ लागतो. आणि फॉस्फेटचा, म्हणजे शेवाळ वाढवणाऱ्या क्षाराचा, त्रास असेल तर ॲसिडनं नाही, वाफेनं ॲक्टिव्हेट केलेला घ्यायचा, काही कार्बन फॉस्फोरिक ॲसिड वापरून बनवतात आणि त्यातून फॉस्फेट सुटू शकतं.

धुवायचा मात्र भरपूर. मी चहाच्या मोठ्या गाळणीत घेते आणि बाथरूममध्ये नळाखाली धरते, पहिलं पाणी काजळासारखं काळं येतं, ते स्वच्छ यायला चार-पाच मिनिटं लागतात. मग जाळीच्या पिशवीत भरायचा, दीडशे लिटरला मी साधारण १५० ग्रॅम वापरते. आणि ती पिशवी नुसती टँकच्या कोपऱ्यात टांगून ठेवली तर फारसा उपयोग नाही बरं का, पाणी त्याच्या बाजूनं नाही, त्याच्या आतून गेलं पाहिजे. फिल्टरमध्ये आधी स्पंज आणि कापूस, मग सिरॅमिक रिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बन, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचणारं पाणी आधीच गाळलेलं असतं आणि भोकं गाळानं बुजत नाहीत.

कार्बन ओव्हनमध्ये भाजून परत वापरता येतो असं खूप जण सांगतात. नाही येत. ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो, त्यात फक्त पाणी उडतं, चिकटलेली घाण जायला भट्टीचं तापमान लागतं. जुना कार्बन कुंडीत मातीत मिसळा आणि नवा घ्या.

औषध देताना कार्बन काढून ठेवायचा हे विसरू नका. व्हाइट स्पॉटचं, म्हणजे माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येतात त्या रोगाचं, औषध टाकलं आणि कार्बन आतच राहिला तर औषध माशाऐवजी कार्बनला लागतं. कोर्स संपला की मग टाका, उरलेलं औषध तो ओढून घेतो. मी कार्बन कायम ठेवत नाही ते याचसाठी, डब्यात भरून तयार असतो, लागला की टाकायचा.

आता प्युरिजेन. सीकेम कंपनीचं आहे, कार्बन नाही, कृत्रिम पॉलिमरचे पांढरे बारीक दाणे, भरड रव्यासारखे. कार्बन किलोवर मिळतो आणि हे मिलीवर, त्यामुळे पहिल्यांदा किंमत ऐकून मी दुकानातून परत आले होते. पण १०० मिली ४०० लिटरपर्यंत पुरतं आणि मुख्य म्हणजे ते परत परत वापरता येतं. लाकडाचा पिवळेपणा काढायला मी याच्यापेक्षा चांगलं काही बघितलेलं नाही. टाकल्यावर चौथ्या दिवशी माझ्या टँकची मागची काच अशी दिसत होती की मध्ये पाणीच नाही, मासे हवेत उडतायत. आणि ते किती भरलंय हे डोळ्यांना दिसतं, आधी पांढरं, मग साय, मग टॉफी, आणि तीन-चार महिन्यांनी काळ्या गुळासारखं. कार्बन पहिल्या दिवशी काळा आणि शेवटच्या दिवशी पण काळाच, कळणार कसं?

प्युरिजेन परत पांढरं करायचं काम मी बाल्कनीत करते, घरात नाही. आधी पिशवी नळाखाली धरून वरचा बुळबुळीत थर काढायचा. मग आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात (स्टील अजिबात नको) साधं, वास नसलेलं, साबण नसलेलं ब्लीच आणि तेवढंच पाणी, त्यात २४ तास. दाणे हळूहळू पांढरे होताना दिसतात. मग वाहत्या पाण्याखाली खूप धुवायचं, मग अँटी-क्लोरीनच्या (क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या) चांगल्या दाट पाण्यात आठ तास, परत धुवायचं, आणि नाकाजवळ धरून ब्लीचचा जरासुद्धा वास आला तर परत अँटी-क्लोरीनमध्ये. दोन गोष्टी हात जोडून सांगते. एक, त्या डब्यात किंवा आसपास टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर काही येऊ देऊ नका, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो माणसाला घातक आहे. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावर ठेवा. दुसरी, माशांच्या अंगावरचा चिकट थर वाढवणारी जी वॉटर कंडिशनर असतात ती ब्लीचनं धुतलेल्या प्युरिजेनबरोबर वापरू नका, कंपनीनंच तसा इशारा दिलाय. पिशवी पण त्याचीच बारीक जाळीची घ्या, साध्या जाळीतून दाणे निसटून पंपात जातात.

झिओलाइट हे वेगळं प्रकरण आहे, ते पाणी नितळ करायला नाहीच, ते अमोनिया धरतं. क्वारंटाइन टँकमध्ये (नवे किंवा आजारी मासे वेगळे ठेवतात तो) किंवा मासे लांबून आणताना फार कामाचं. पण टँकमध्ये मीठ टाकलं की तोच अमोनिया परत सोडतं, आणि आपल्याकडे मासा जरा सुस्त दिसला की मूठभर खडेमीठ टाकायची सवय आहे, म्हणून हे लक्षात असू द्या. फॉस्फेट रिमूव्हर मी कधी फारसा वापरला नाही, तो समुद्री टँकवाल्यांचा विषय जास्त.

तुरटीबद्दल पण विचारतात. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की आपण हंड्यात तुरटी फिरवतो, आजीच्या घरी तर माठाला आतून निवळीचं बी घासायचे, गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी निवळायचं. मग टँकमध्ये का नाही? कारण हंड्यात मासा नसतो. तुरटी कणांचे गोळे करते, ते खाली बसण्याआधी माशाच्या कल्ल्यात पण जातात, आणि तुरटीनं पाण्याची क्षारता कमी होऊन पीएच घसरतो. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात तर फार झपाट्यानं. आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात बोअरचं टँकरचं जड पाणी येतं आणि पावसाळ्यात खडकवासल्याचं मऊ, म्हणजे एकाच टँकवर एकच डोस वर्षभर सारखा पण वागणार नाही. नका करू.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. लाकडा-पानांमुळे पिवळं झालेलं पाणी माशांना वाईट नसतं. कार्डिनल टेट्रा ज्या रिओ निग्रोमधून येतात त्या नदीचं पाणीच चहासारखं आहे, आणि आपल्याकडे लोक मुद्दाम रस्त्याकडेच्या बदामाची वाळलेली पानं टँकमध्ये टाकतात. माझे एंजल जेव्हा जेव्हा अंडी घालतात ते पाणी थोडं पिवळसर असतानाच. त्यामुळे मी आता वर्षातले सहा-सात महिने काहीच टाकत नाही, दर रविवारी चतुर्थांश पाणी बदलते, आणि दिवाळीत पाहुणे यायच्या आधी किंवा फोटो काढायचे असतील तर प्युरिजेन. पाणी बदलायचा कंटाळा म्हणून मीडिया, हे मात्र कधीच नाही, कारण नायट्रेट आणि क्षार यातलं काहीच कार्बननं जात नाही, पाणी काचेसारखं दिसतं आणि आत नायट्रेट लिटरमागे ८० मिलिग्रॅम झालेलं असतं. मी टेस्ट करून बघितलंय म्हणून सांगते.

तर तो मुलगा. त्याला सांगितलं, खाणं दिवसातून एकदा आणि चिमूटभर, आजीला पण सांग, एअर पंप रात्री बंद करू नकोस कारण हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात, स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, आणि दर दोन दिवसांनी माझ्याकडे पाणी आण, अमोनिया बघू. चार वेळा आला. पहिल्या दोन वेळा अमोनिया थोडा दिसला तेव्हा मी त्याला माझ्या फिल्टरमधल्या मूठभर जुन्या, चिकट, घाणेरड्या दिसणाऱ्या रिंगा जाळीत बांधून दिल्या आणि तिसरा भाग पाणी बदलायला लावलं. दहाव्या दिवशी ग्लास कागदासमोर धरला तर कागदावरच्या छापील रेषा स्वच्छ दिसत होत्या. अजून महिनाभर तरी टेस्ट चालू ठेवायच्या असं ठरलंय.

ते दोनशे रुपये त्यानं ड्रिफ्टवुडवर घालवले. सध्या ते आमच्या बाल्कनीत बादलीत भिजतंय, टँकमध्ये जाण्याआधी जितका रंग बाहेर निघेल तितका बरा. तो रोज शाळेतून आल्यावर येतो आणि पाणी बदलतो. काल सहाव्यांदा बदललं, अजून कोऱ्या चहासारखंच येतंय.